पाय घसरला मोरीत, बंद केला रस्ता

*मी ७१ वर्षांची आहे. साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. यजमान गेल्यापासून एकटीच राहते. मुलगा-सून पुण्यात, मुलगी कराडला. गेल्या मार्चमध्ये रात्री तीनच्या सुमारास लघवीला उठले आणि मोरीत पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. हात आता बरा आहे. पण तेव्हापासून मुलांनी माझं बाहेर पडणंच बंद केलं आहे. आधी मी रोज सकाळी मैत्रिणीबरोबर टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत जायची, येताना मंडईतून भाजी आणायची. आता धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला बाई आहे, भाजी-किराणा घरपोच येतो. "आई, खूप केलंस, आता आराम कर," असं मुलगा म्हणतो. त्याच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण आता खुर्चीतून उठताना हातावर जोर द्यावा लागतो. जमिनीवर बसले तर उठता येत नाही. अंगणातसुद्धा भिंत धरून चालते. बीपीची गोळी चालू आहे, झोपेची अधूनमधून घेते. भूक कमी झाली आहे, रात्री दूधभात पुरतो. दरवर्षी दासनवमीला सज्जनगडावर जायची, यंदा जमेल का? की मुलगा म्हणतो तसं आता गप्प बसावं?*

*– एक वाचक, सातारा*

काकू, सप्रेम नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. गप्प बसू नका. घरात बसून राहणं तुमच्यासाठी चार भिंतींच्या चढापेक्षा जास्त धोक्याचं आहे, आणि मार्चपासून हा धोका दर महिन्याला वाढतोच आहे. पण म्हणून उद्या सकाळी उठून तडक चढालाही लागू नका. मधे बरंच काम आहे, ते क्रमानं करू.

तुमचं पत्र वाचताना मी एका ठिकाणी अडले. तुम्ही पडलात मोरीत, रात्री तीन वाजता, झोपेतून उठून, ओल्या फरशीवर. आणि बंद झालं ते सकाळच्या उजेडातलं चालणं, मैत्रिणीची सोबत, मंडई. जिथं पाय घसरला त्या मोरीत भिंतीला दांडी बसवल्याचा किंवा रात्रीचा दिवा लावल्याचा पत्रात कुठंच उल्लेख नाही. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून ज्येष्ठांबरोबर काम करते आणि घरोघरी हेच बघते. माणूस पडतो पलंगाशेजारी, बाथरूममध्ये, उंबऱ्यात. मुलं मात्र घाबरून फिरणं बंद करतात. हे सगळं मायेपोटीच होतं, तरी माझ्या पेशंटांचं सर्वांत जास्त नुकसान मी या मायेनंच होताना पाहिलं आहे.

हात मोडला होता, पाय धड होते, मग उठताना पायांना काय झालं? पायांना कामच राहिलं नाही. वयाबरोबर स्नायू कमी होतात हे खरं, आणि साठीनंतर तो वेग वाढतो हेही खरं. पण वर्षांनी जे जायचं ते बसून राहिल्यानं आठवड्यांत जातं. अमेरिकेत एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. आजार काहीच नव्हता, नुसतं पडून राहायचं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो मांसल भाग गेला. तुम्ही काही अंथरुणावर नव्हता, पण चढ गेला, मंडई गेली, पिशवी गेली, स्वयंपाकाला उभं राहणंही गेलं. त्यात भीतीची भर पडली. पडण्याची भीती बसली की माणूस पाय घासत, खाली बघत, अंग आखडून चालतो, आणि अशा चालण्यानं पडण्याची शक्यता वाढतेच.

व्यायामाआधी चार गोष्टी डॉक्टरांकडून करून घ्या, आणि त्यात टाळाटाळ करू नका.

पहिली हाडांची. पन्नाशीनंतर नुसतं उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, तर तो हाडं ठिसूळ झाल्याचा इशारा समजायचा. प्लॅस्टर निघालं, हात हलायला लागला, की घरचे म्हणतात झालं बरं. पण पुढच्या वेळी खुबा मोडू नये म्हणून याच वेळी हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा स्कॅन, करायला हवी. ठिसूळपणा निघाला तर त्यावर चांगली औषधं आहेत. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागवू नका. डॉक्टरांना थेट विचारा, "मनगट पडून मोडलं होतं, मला हाडांचं औषध लागेल का?"

दुसरी बीपीची. तुमचं बीपी दवाखान्यात बसवून मोजत असतील. डॉक्टरांना सांगा, एकदा झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर रात्री तीन वाजता तुम्ही नुसत्या ओल्या फरशीमुळं पडला नसाल. गोळीचा डोस किंवा वेळ बदलून हे सुधारता येतं. झोपेच्या गोळीचंही तिथंच बोलून घ्या. तिनं रात्री उठल्यावर तोल जातो. पण ती मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू सोडा.

तिसरी रक्ताची. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघा. बी-१२ कमी असेल तर तळपाय बधिर होतात, जमीन नीट कळत नाही, अंधारात तोल जातो. शाकाहारी माणसांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, ते बरेचदा कमी निघतं. चौथी डोळ्यांची. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसण्याचे दिवस गेले. दिसायला अडचण व्हायला लागली की दाखवायचं.

आता मुख्य काम. घरात सरळ पाठीची, हात नसलेली, घट्ट बसणारी लाकडी किंवा लोखंडी खुर्ची असेल ती घ्या. प्लॅस्टिकची नको, ती मागं सरकते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठक गुडघ्याच्या उंचीची, साधारण सतरा इंच. पहिल्या वेळी घरात कुणीतरी असू द्या, कामाची बाई असली तरी चालेल. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पाय एकमेकांपासून खांद्यांएवढ्या अंतरावर ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागं घ्या. उठता न येणारी बहुतेक माणसं पाय पुढं पसरून उठायला बघतात, आणि मग दोष गुडघ्यांना देतात. हात छातीवर एकमेकांवर ठेवा. कमरेतून पुढं वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि तळपाय जमिनीत दाबत उठा. पूर्ण सरळ व्हा. बसताना धपकन बसू नका, मनात तीनपर्यंत मोजत खाली या. खरी ताकद त्या हळू बसण्यातच येते.

असं ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद कमी आणि पडण्याचा धोका जास्त, असं धरतात. पुरुषांसाठी हाच आकडा १२ आहे. हात न लावता तुम्हाला एकदाही जमणार नाही अशी शक्यता आहे, आणि जमलं नाही तर रडू नका. बैठकीवर एक घट्ट उशी ठेवा, उंची वाढली की उठणं सोपं होतं. तरीही नाही जमलं, तर मांडीवर हात टेकून उठा. सकाळी आठ वेळा, संध्याकाळी आठ वेळा. तेवढं सोपं वाटायला लागलं की उशी काढा. मग हात सोडा. मग दहा करा. मग दोन्ही हातांत पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली घ्या. प्रत्येक पायरीला दोनतीन आठवडे लागतील. घाई नको, पण महिनाभर त्याच पायरीवर राहणंही नको. सोपं झालेलं काम स्नायू वाढवत नाही.

या वयात आता कुठं ताकद येते, असं तुम्हाला दहा जण सांगतील. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. तुम्ही त्यांच्यापुढं तरुण आहात.

ताकदीबरोबर तोल. त्यासाठी स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. ओट्याकडं तोंड करून उभ्या राहा, बोटं नुसती टेकवा. टाचा उचला, चवड्यांवर या, हळू खाली या. दहा वेळा. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून, एका रेषेत, दहा सेकंद उभं राहायचं. आधी ओटा धरून, मग एका हातानं, मग एका बोटानं, मग हात फक्त वर तरंगता ठेवून. आधार सोडून दहा सेकंद जमायला लागलं की तुम्हाला स्वतःलाच फरक कळेल. दूध तापेपर्यंत हे सगळं होतं. आठवड्यातून तीन दिवस तरी तोलाचा व्यायाम आणि दोन दिवस तरी ताकदीचा, हे जागतिक आरोग्य संघटनेनं पासष्टीपुढच्या माणसांना सांगितलेलं प्रमाण आहे. तुमची सुरुवात खालून आहे म्हणून खुर्ची मी रोज सांगते आहे.

यावर इतका भर देते आहे, कारण आपल्याकडं ज्येष्ठांचा व्यायाम म्हटलं की लोक फक्त फिरायला जातात. फिरणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच आहे. पण नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं याचा भक्कम पुरावा नाही. २०१९ साली शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात दिसलं की तोलाचे आणि रोजच्या उठबशीसारख्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांत पडण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशानं कमी झालं. म्हणून आधी खुर्ची आणि ओटा, मग रस्ता.

रस्ता कुठला? आपलं गावच अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं. पेठेतून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार लागतोच. त्यामुळं पहिले काही आठवडे मुद्दाम सपाट जागा शोधा. तुम्हाला जवळ म्हणजे गोलबाग. रिक्षानं जाता आलं तर शाहू स्टेडियम. दहा मिनिटं चाला, बाकावर बसा, परत दहा मिनिटं. हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत यायचं आहे. मैत्रिणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग बरोबर. मग एखादा चढ, मग चार भिंती. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून जायचंच नाही, त्या दिवसांत माजघरात येरझाऱ्या घाला. थंडीत ऊन वर आल्याशिवाय बाहेर पडू नका. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही, ते ऊन वर आल्यावरच मिळतं, त्यामुळं पहाटे उठून कुडकुडण्यात काही पुण्य नाही.

पायात रबरी स्लिपर नकोत. मागं पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली सँडल किंवा बूट. आणि घरात पायघोळ गाऊन घालत असाल तर आजच चार बोटं वर दुमडून टीप मारून घ्या. पायऱ्या चढताना गाऊन पायात येऊन पडलेल्या किती बायका माझ्याकडं येतात! इतकी साधी गोष्ट, पण कुणी सांगत नाही.

गुडघे झिजतील, जपून ठेवा, असं शेजारीपाजारी सांगतील. गुडघ्याच्या कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या गादीला, हालचालीतूनच पोषण मिळतं, आणि मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर तेवढ्यापुरतं प्रमाण कमी करा, बंद करू नका. छातीत दाब आला, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मात्र तिथंच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

तुमच्या दूधभाताचं मला खरोखर वाईट वाटलं. भूक कमी झालीय कारण हालचाल कमी झालीय, आणि जेवण कमी झाल्यानं ताकद कमी. कितीही उठाबशा काढल्या तरी पोटात प्रथिनं नसतील तर स्नायू कशातून बनणार? तुमच्या वयाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन पन्नास किलो धरलं तर दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. दोन भाकऱ्यांतून साधारण दहा मिळतात, कपभर दुधातून पाचसहा, भाजीतून जेमतेम एकदोन. चहा आणि टोस्टमधून जवळजवळ काहीच नाही. म्हणजे तुमचं निम्मंही भरत नाही. त्यात काय घालायचं? दुपारी वाटीभर मटकीची किंवा वाघ्या घेवड्याची उसळ. आपल्याच कोरेगाव तालुक्याचा घेवडा, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, देशभर जातो, आणि आपल्या ज्येष्ठांच्या ताटात मात्र नसतो. पोटाला जड वाटत असेल तर रात्रभर भिजवून, पाणी बदलून, मऊ शिजवून, हिंग-ओवा घालून खा. चार वाजता बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे, दात नसतील तर कूट करून. अंडं चालत असेल तर रोज एक उकडून, त्यात सहा ग्रॅम मिळतात. रात्री दूधभाताऐवजी पिठलं-भाकरी आणि वाटीभर दही, नाहीतर मुगाची डाळ जास्त आणि तांदूळ कमी अशी खिचडी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता घरातलं काम. बाईला काढू नका, पण सगळं तिच्यावर सोडूही नका. सकाळची भाजी तुम्ही उभ्यानं चिरा, फोडणी तुम्ही द्या. कपडे वाळत तुम्ही घाला, हात डोक्यावर जातात, टाचा उचलतात, पिळताना मनगटालाही काम मिळतं. देवपूजेला पाटावर बसणं सुटलं असेल तर तेही परत आणायचंय, पण शेवटी. एवढ्या दिवसांत मला एक कळलंय. ज्या घरात आजीला रोज एखादं काम असतं, आणि ते तिनं केलं नाही तर घराचं अडतं, त्या घरातली आजी लवकर उभी राहते. नुसता व्यायाम म्हणून व्यायाम करणारी माणसं चौथ्या आठवड्यात कंटाळतात.

जमिनीवरून उठायला शिकायचं आहे, कारण पडणं एखाद्या वेळी होऊ शकतं, आणि तासन् तास जमिनीवर पडून राहणं पडण्याइतकंच वाईट. खुर्चीचं महिनाभर जमलं की हे करा, मुलगी कराडहून आली की तिच्यासमोर. सतरंजीवर झोपा. घाई न करता एका कुशीवर वळा. कोपर टेकवा, मग तळहात, आणि चौरंगासारख्या चारी टेकांवर या. मनगट दुखलं तर तळहाताऐवजी कोपरांवर भार द्या. तसंच रांगत पलंगापाशी किंवा भक्कम खुर्चीपाशी जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा. ताकदीचा पाय पुढं घेऊन तळवा टेकवा, गुडघा वर. आता हात आणि तो पाय मिळून जोर लावा आणि वळून पलंगावर बसा. चारपाच वेळा केलंत की अंगाला वाट कळते, आणि भीती निम्मी होते. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला हे यायला हवं असं माझं ठाम मत आहे. जोडीला मोबाईल कमरेच्या पिशवीत, मोरीत जातानासुद्धा.

सज्जनगडाचं विचारलंत. दासनवमी माघात येते, म्हणजे हातात चारएक महिने आहेत, आणि ते पुरेसे आहेत. गाडी वरच्या तळापर्यंत जाते. साताऱ्याहून एसटी आहे आणि बायकांना तिकीट अर्धं आहे. पुढं पायऱ्या आहेत, आणि त्यांचीच तयारी करायची आहे. घरातल्या जिन्याच्या दोन पायऱ्या कठडा धरून चढ-उतार करत सुरुवात करा. चढताना ताकदीचा पाय आधी, उतरताना दुखरा किंवा कमजोर पाय आधी, हे पाठ करून ठेवा. जास्त माणसं उतरताना पडतात, चढताना नाही, म्हणून उतरताना हातात काठी असू द्या आणि कठड्याच्या बाजूनं या. खुर्चीवरची उठबस ३० सेकंदांत दहा झाली, सलग अर्धा तास सपाट चालता आलं आणि घरचा जिना न थांबता चढता आला, तर खुशाल जा. दासनवमीच्या गर्दीतच जायला हवं असं नाही, दोन दिवस आधी किंवा नंतर गेलात तर पायऱ्या निवांत मिळतील. एखाद्या वर्षी तेवढी तयारी झाली नाही तर पुढच्या वर्षी.

राहिला तुमचा मुलगा. त्याच्याशी वाद घालू नका आणि लपूनछपूनही बाहेर जाऊ नका. पुण्यात बसून फोनवर "पडलीस नाहीस ना" विचारण्याशिवाय त्याच्या हातात काही नाही, म्हणून तो बंदी घालतो. त्याला काम द्या. येत्या शनिवार-रविवारी बोलवा आणि हा भाग वाचायला द्या.

दादा, आईच्या मोरीत आणि संडासात स्टीलच्या दांड्या बसवा, भिंतीत ड्रिल करून, पक्क्या. टॉवेलचा रॉड आधाराला चालत नाही, वजन पडलं की उखडून येतो. नळ धरून उठण्याची सवय असेल तर तीही मोडा. अंघोळीला पाटाऐवजी जड, रबरी बूच असलेलं स्टूल, खाली रबरी चटई, आणि मोरी कोरडी करायला वायपर हाताशी. पलंगापासून मोरीपर्यंत रात्री आपोआप लागणारा दिवा, वाटेतली पायपुसणी उचलून टाका. उंबऱ्याच्या कडेला पिवळी पट्टी रंगवा. पलंग इतका उंच हवा की बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतील. रात्री उठताना आईनं कुशीवर वळून, पाय खाली सोडून, बसूनच टाचा वर-खाली कराव्यात आणि मग उभं राहावं, हे तुम्ही तिच्याकडून दोनचारदा करून घ्या. मग डेक्सा आणि बीपीसाठी डॉक्टरांची वेळ घेऊन तुम्ही बरोबर जा. आणि रविवारी सकाळी आईबरोबर गोलबागेत चालायला जा, पुढं नको, शेजारी. हात धरू नका, तिनं मागितला तरच द्या. रोजच्या फोनवर आज खुर्चीतून किती वेळा उठलीस, उसळ केली होती का, हे विचारा.

आईची काळजी करणारी मुलं मला खूप भेटतात. त्या काळजीतून आईच्या मोरीत दांडी बसवणारी थोडी भेटतात. तुम्ही त्यांतले व्हा, एवढं मनापासून सांगते.

काकू, तुम्ही कॅलेंडरवर आज लिहिलेला आकडा दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा. तीन महिने नीट व्यायाम आणि जेवण करूनही तो हललाच नाही, किंवा पाय उचलायला जड वाटायला लागले, हात थरथरायला लागले, तळव्यांना मुंग्या येत राहिल्या, तर कारण फक्त बसून राहण्याचं नाही असं समजा. मग थायरॉईड, बी-१२, मणका, मेंदू यांतलं काही आहे का ते फिजिशियनकडून बघून घ्यावं लागेल. तो आकडा तेव्हा बरोबर घेऊन जा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.